माहितीपट दाखवायचाय? आधी सतरंजीवर कोण बसणार ते ठरवा

माझा मूळ धंदा मंडप, लाइट आणि साउंडचा. बार्शीच्या आसपास लग्न असो, जयंती असो की दहावा, बॉक्स माझेच असतात. गेली काही वर्षं जयंतीच्या मंडळांतली पोरं येऊन म्हणतात, "काका, यंदा डीजे एक दिवस कमी करू. जातीवरचा एखादा पिक्चर लावू, नाहीतर डॉक्युमेंटरी." चांगली गोष्ट आहे. पाठोपाठ प्रश्न येतो, "कोणता लावू?" मी उलट विचारतो, बघायला कोण येणार? त्याचं उत्तर आल्याशिवाय मी प्रोजेक्टर टेंपोत टाकत नाही.

अन्यायावरचा सिनेमा सोसलेल्या माणसांसमोर लावला, की त्यांना त्यातली माहिती नवीन नसते. ती आधीच अंगावर असते. तोच सिनेमा बाजारपेठेतल्या हॉलमध्ये लावला, की लोक हळहळतात, चहा पितात आणि घरी जातात. कुठल्या बैठकीला काय लावायचं आणि लावल्यावर पुढे काय करायचं, हे जमलं तर बाकीचं काम केबल जोडण्याएवढंच उरतं. म्हणून खालचं सगळं त्याच क्रमाने सांगतो.

कुणापुढे काय लावायचं

शाळा-कॉलेजात आणि मिश्र गावात पहिला सिनेमा म्हणून मी 'फँड्री' सुचवतो. नागराज मंजुळे यांचा, २०१३ सालचा, महाराष्ट्रात २०१४च्या फेब्रुवारीत लागलेला. मराठी आहे, दोन तासांच्या आत संपतो, शाळकरी जब्या आणि त्याला आवडणाऱ्या शालूच्या निमित्ताने पोरं चिकटून बसतात. गावाच्या पालखीत डुकरं शिरतात आणि ती पकडायचं काम जब्याच्या कैकाडी कुटुंबाच्या गळ्यात पडतं. बाप, आई, बहिणी, जब्या सगळे डुकरामागे पळतात आणि गाव कट्ट्यावर बसून मजा बघतं.

इथे तुम्ही पडद्याकडे पाहू नका, बैठकीकडे पाहा. सिनेमातलं गाव हसतं तेव्हा सतरंजीवरचं गावही हसतं. दरवेळी हसतं. पहिल्यांदा आयोजक पोरं घाबरून "शू... गप्प बसा" करत फिरतात. तसं करू नका. हसू द्या. दिग्दर्शकाने ते हसू धरूनच पुढचं रचलंय. पळापळीत मध्येच शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं आणि सगळं कुटुंब जागच्या जागी ताठ उभं राहतं. मग पकडलेलं डुक्कर खांद्यावर घेऊन ते शाळेच्या भिंतीवरच्या महापुरुषांच्या चित्रांसमोरून जातात. तोवर बैठकीतलं हसू कमी होत जातं. सगळीकडचं मात्र नाही. मागच्या रांगेत मोटारसायकलवर टेकून उभी असलेली दोन-चार पोरं शेवटपर्यंत हसतात. ती कोण, ते लक्षात ठेवा. नंतरच्या गप्पांत त्यांच्याकडे माईक जायला हवा, रागावण्यासाठी नाही, विचारण्यासाठी. शेवटी जब्या दगड भिरकावतो तो थेट कॅमेऱ्याकडे येतो, म्हणजे आपल्याकडे. त्यानंतर त्या पोरांना "कुणाला लागला रे दगड?" एवढंच विचारलं तरी चालतं.

हाच सिनेमा कैकाडी वस्तीत किंवा डुकरं पाळणाऱ्या घरांसमोर लावायचा असेल तर आधी त्यांच्यातल्या चार जाणत्या माणसांना आणि दोन बायकांना घरात बसून दाखवा. त्यांनी "लावा" म्हटलं तर लावा. "आमचं काय नवीन दाखवताय" म्हटलं तर आग्रह धरू नका. त्यांच्यासमोर गावातली इतर मंडळी बसवायची की नाही, हेही त्यांनाच ठरवू द्या. शेजारी बसलेला माणूस हसला की काय होतं, हे त्यांना तुमच्याआमच्यापेक्षा जास्त कळतं.

'कोर्ट' हा चैतन्य ताम्हाणे यांचा २०१४चा सिनेमा. व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात बक्षीस, राष्ट्रीय पुरस्कारात सुवर्णकमळ, सगळं आहे. पण उघड्या मैदानावर तो लावू नका. कॅमेरा हलत नाही, माणसं सावकाश बोलतात, लहान पोरं उठून पळायला लागतात आणि त्यांच्यामागे आया. तो बार असोसिएशन, लॉ कॉलेज, शिक्षकांचं शिबिर अशा ठिकाणी लावा. गटारात उतरून मेलेल्या सफाई कामगाराने म्हणे एका शाहिराचं गाणं ऐकून आत्महत्या केली, असा त्या शाहिरावर खटला. शाहीर नारायण कांबळे झालेले वीरा साथीदार स्वतः नागपूरचे चळवळीतले कार्यकर्ते. २०२१मध्ये कोरोनाने गेले. सरकारी वकीलबाई दिवसभर त्या म्हाताऱ्याला आत ठेवायचा युक्तिवाद करतात, संध्याकाळी पोराला घेऊन घरी जातात, स्वयंपाक करतात, सुटीला कुटुंबासोबत नाटकाला जातात. त्या नाटकात परप्रांतीयांवर विनोद चालतात आणि थिएटर खदखदून हसतं. 'फँड्री'तला कट्टा आणि हे थिएटर, दोन्ही आठवून पाहा. वकिलांच्या बैठकीत मी याच ठिकाणी सिनेमा थांबवायला सांगितलाय आणि पाच मिनिटं नुसतं बोलू दिलंय. एरवी मध्येच थांबवणं मला आवडत नाही, पण इथे ते कामाला येतं.

आंबेडकरी वस्तीत 'जय भीम कॉम्रेड'. आनंद पटवर्धन यांनी तो चौदा वर्षं लावून केला, २०११मध्ये पुरा झाला. सुरुवात घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरातून होते. ११ जुलै १९९७ला बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला सापडला, लोक रस्त्यावर आले, राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला, दहा जण गेले. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी गळफास घेतला. घोगरे पटवर्धनांच्या १९८५च्या 'हमारा शहर'मध्येही गायले आहेत. कुणी सिनेमाचा अभ्यास करणारा भेटला तर त्याला दोन्ही एकापाठोपाठ बघायला सांगा. वस्तीत मात्र एकच लावा, कारण 'जय भीम कॉम्रेड' तीन तासांच्या आसपास जातो. पण त्यात गाणी आहेत, जलसे आहेत, कबीर कला मंच या पुण्याच्या गाणाऱ्या गटाची शीतल साठे आहे. ज्यांना तीन तासांची धास्ती वाटते ती बहुतेक बाहेरची माणसं असतात. वस्तीतले लोक गाण्याला टाळ्या धरतात आणि बसतात. मुंबईत तो सुरुवातीला भायखळ्याच्या बीआयटी चाळीत, म्हणजे वस्तीतच, उघड्यावर दाखवला होता, यावरून काय ते समजा. एक काळजी घ्या: गोळीबाराची दृश्यं येतात, मृतदेह दिसतात. सात-आठ वर्षांच्या आतल्या पोरांसाठी शेजारच्या खोलीत दुसरं काहीतरी लावून द्या, म्हणजे त्यांच्या आयांनाही बसता येईल.

नगरपालिकेच्या सफाई कामगारांच्या वसाहतीसाठी कुणीतरी हमखास 'कक्कूस'चं नाव काढतं. दिव्या भारती यांचा २०१७चा तमिळ माहितीपट, हाताने मैला साफ करणाऱ्यांवरचा. तमिळनाडूत त्याचे खेळ पोलिसांनी बंद पाडले, मग त्यांनी तो यूट्यूबवर टाकला. फार मोलाचं काम आहे आणि बघवत नाही. माझं स्पष्ट मत असं की तो कामगारांना दाखवू नका. ते रोज त्यातच उतरतात. तो नगरसेवकांना, आरोग्य विभागाच्या साहेबांना, सोसायटीच्या सेक्रेटरींना आणि ड्रेनेजचं कंत्राट घेणाऱ्यांना दाखवा. कामगारांच्या वसाहतीत त्याऐवजी अर्ध्या तासाचा साधा कार्यक्रम ठेवा आणि युनियनचा माणूस बोलवा. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणारा १९९३चा कायदा काय होता, २०१३च्या कायद्याने काय बदललं, हे तो सांगेल. गटारात माणूस मेला तर सुप्रीम कोर्टाने २०१४मध्ये दहा लाख भरपाई सांगितली होती, ऑक्टोबर २०२३च्या निकालाने ती तीस लाख केली, हेही सांगेल. हे आकडे मी अशा वसाहतीत माईकवरून सांगितले तेव्हा एक बाई उठून म्हणाली, "आम्हाला तर कुणी बोललंच नाही." त्या दिवशी प्रोजेक्टर टेंपोतून उतरवलाच नाही.

शिक्षकांच्या प्रशिक्षणाला स्टॅलिन के. यांचा २००७चा 'इंडिया अनटच्ड' बरा पडतो. आठ राज्यांत फिरून केलाय. आपल्यात असलं काही उरलं नाही, किंवा आमच्या धर्मात जात नाहीच, असं म्हणणाऱ्या सगळ्यांची त्यात सोय आहे. तुकड्या-तुकड्यांत रचलेला असल्याने चाळीस मिनिटंच दाखवली तरी तुटल्यासारखं वाटत नाही.

तारीख आणि दहाचा काटा

लाउडस्पीकर रात्री दहाला बंद करावा लागतो. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत ते लिहिलेलं आहे. सणा-उत्सवाला वर्षातून मोजके दिवस बारापर्यंत सूट मिळते, पण ती सरकार ठरवतं, तुमचं मंडळ नाही. आता गणित करा. १४ एप्रिलच्या आसपास आमच्याकडे सात वाजले तरी पुरता अंधार होत नाही. सव्वासातला सुरू केलं तर दहापर्यंत पावणेतीन तास. त्यात प्रास्ताविक, सिनेमा आणि चर्चा. म्हणजे एप्रिलमध्ये उघड्यावर 'जय भीम कॉम्रेड' बसतच नाही, 'फँड्री' बसतो.

६ डिसेंबरला अंधार लवकर पडतो, पण निम्मी वस्ती चैत्यभूमीला गेलेली असते. ११ जुलैला रमाबाई नगरच्या आठवणीत लावायचं तर पाऊस; समाजमंदिर किंवा विहार धरा. हॉलमध्ये खिडक्यांना काळं कापड मारलं की दुपारीही चालतं. उघड्यावरच करायचं असेल तर मला सगळ्यात सोयीचा आठवडा ३ जानेवारीचा, सावित्रीबाईंच्या जयंतीचा. साडेसहाच्या पुढे अंधार, पाऊस नाही, लग्नाची धांदल कमी, त्यामुळे माझंही भाडं कमी.

वेळ ठरवताना बायकांना विचारा. मंडळातली पोरं आठ म्हणतात, कारण ती आठला मोकळी होतात. बायका म्हणतात, आधी सिनेमा आणि मग भाकरी, नाहीतर आधी भाकरी, पण मधे नको. त्या म्हणतील ती वेळ धरा. बायका नसलेल्या बैठकीत मी अजून एकही धड चर्चा ऐकली नाही.

पडदा आणि आवाज

दोन चादरी जोडून पडदा करू नका; मधली शिवण सगळ्यांच्या चेहऱ्यावरून जाते. फ्लेक्सवाल्याकडून न छापलेला पांढरा फ्लेक्स घ्या, आठ बाय सहा फूट, कडेला रिंगा मारून. वरून बांबूला ताणा आणि खालच्या रिंगांतून पाइप ओवा, म्हणजे वाऱ्याने पोट फुगत नाही. जमिनीपासून निदान चार फूट उंच धरा. लोक सतरंजीवर बसतात तेव्हा पुढच्याच्या डोक्यावरून खालची ओळ वाचता आली पाहिजे. एवढ्या पडद्याला तीन हजार ल्युमेनचा प्रोजेक्टर पुरतो, पण समोरचा पथदिवा बंद हवा. तो बंद करायला वायरमनला आदल्या दिवशी सांगा. ऐनवेळी पोत्याने दिवा झाकायचा प्रयत्न करू नका, गरम होतो.

साउंडमध्ये डीजेवाल्यांची खोड मोडावी लागते. बेस पूर्ण खाली आणा. माहितीपटात म्हातारी माणसं बोलतात, रस्त्यावर बोलतात, रडत बोलतात. बेस चढवला की शब्द चिखलात जातात. दोन बॉक्स पुरेत, पडद्याच्या दोन्ही बाजूंना, स्टँडवर, कानाच्या उंचीला. लॅपटॉपमधून घुं... असा आवाज आला तर चार्जर काढून बॅटरीवर चालवा, बहुधा जातो. लॅपटॉप प्रोजेक्टरजवळ ठेवा आणि फक्त आवाजाची केबल लांब टाका. लांबलचक एचडीएमआय मध्येच दगा देते. सिनेमा आधी उतरवून पेनड्राइव्हवर आणि लॅपटॉपवर दोन्हीकडे ठेवा, मोबाइलच्या नेटवर विसंबू नका. आणि सगळा सिनेमा आदल्या रात्री स्वतः एकदा पाहा.

'सैराट' लावला तर एक सांगून ठेवतो. शेवटी आवाज जातो. तो मुद्दाम घालवलेला आहे. मागून "काका, साउंड गेला!" अशी आरोळी येते. मिक्सरला हात लावू नका.

सबटायटल इंग्रजी असतील तर आमच्याकडे निम्म्याहून जास्त लोकांना उपयोग नाही. हिंदी बहुतेकांना कळतं. तमिळ किंवा इतर भाषेचा माहितीपट असेल तर मराठी मजकूर आधी कागदावर लिहा आणि एका चांगल्या वाचणाऱ्या मुलीला माईक द्या. तिने सगळं वाचू नये. माणूस काय म्हणाला तेवढं वाचावं, आणि रडू आलं की थांबावं. पडद्यावरच्या माणसाचं रडणं भाषांतराशिवाय समजतं.

कागदपत्रं

पोलीस ठाण्यात लाउडस्पीकरचा अर्ज, जागेसाठी ग्रामपंचायतीचं किंवा नगरपालिकेचं पत्र. अर्जात सिनेमाचं नाव, कालावधी आणि दिग्दर्शकाचं नाव स्पष्ट लिहा. "सामाजिक विषयावरील कार्यक्रम" असं मोघम लिहिलं की संध्याकाळी जीप येते आणि कसला सामाजिक म्हणून विचारते. सिनेमाला सेन्सॉरचं प्रमाणपत्र असेल तर त्याची प्रत जोडा. सार्वजनिक खेळाला ते लागतंच, त्यामुळे नुसतं यूट्यूबवर आहे म्हणजे मैदानात चालेल असं धरू नका. घरच्या ओटीटीच्या वर्गणीवर शंभर माणसांना दाखवणंही नियमात बसत नाही. माहितीपटवाल्यांना सरळ लिहा. फुकट दाखवायचंय आणि कुणाला दाखवायचंय हे सांगितलं की बरेच जण आनंदाने परवानगी देतात, प्रतही पाठवतात.

दिवे लावल्यावर

सिनेमा संपला की मंडपवाल्याचा हात आपोआप हॅलोजनच्या बटणाकडे जातो. माझ्या पोरांना मी सक्त ताकीद दिलीय. आधी मागची एक ट्यूब, मग दोन-तीन मिनिटांनी कडेच्या. लोकांना डोळे पुसायला आणि पदर सारखा करायला वेळ लागतो, आणि तो कुणाला दिसू नये असं त्यांना वाटतं.

पाहुण्याचं भाषण आधी नको आणि नंतरही नको. शाल-श्रीफळ, दीपप्रज्वलन, "आजच्या या कार्यक्रमाला लाभलेले..." हे सुरू झालं की लोक सिनेमातून बाहेर पडून सभेत जाऊन बसतात. सरपंच आले असतील तर त्यांना मानाने पुढे बसवा, पण माईक पहिला देऊ नका. पहिली पंधरा मिनिटं ज्यांच्यावर सिनेमा आहे त्यांची. त्यातही म्हातारी माणसं आणि बायका आधी. मंडळाचा अध्यक्ष शेवटी. यावर रुसवे-फुगवे होतात. होऊ द्या.

"कसा वाटला?" असं कधी विचारू नका, उत्तर "छान" येतं आणि विषय मिटतो. सिनेमातल्या एखाद्या जागेवर बोट ठेवा. 'फँड्री'नंतर मी विचारतो, जब्याच्या बापाला, कचरूला, डुकराचं काम नाही म्हणता आलं असतं का? म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी काय झालं असतं? मग विचारतो, आपल्या गावात असली कामं कुणाला सांगितली जातात, आणि सांगायला कोण जातं? या शेवटच्या प्रश्नावर बराच वेळ कुणी बोलत नाही. तुम्हीही बोलू नका. माईक खाली धरून उभे राहा. एखादी म्हातारी सुरू करते आणि मग मेलेली जनावरं, मयताचा सांगावा, सुगीला मागायला जाणं, जत्रेतलं वाजवणं असं एकेक निघत जातं. एका गावात यावरून वादावादी झाली, आवाज चढले. मी तेवढ्यासाठी माईकचा आवाज कमी केला आणि बोलू दिलं. हातघाईवर येईल असं दिसलं तर मात्र मधे पडा आणि लोकांना चहाकडे वळवा.

कुणी आपली गोष्ट सांगत असेल तर मोबाइलवर शूटिंग घेऊ देऊ नका. हे सुरुवातीलाच माईकवरून सांगा. सिनेमातल्या माणसाने कॅमेऱ्याला परवानगी दिलेली असते. सतरंजीवरच्या बाईने दिलेली नसते. तिला उद्या त्याच गावात दळण आणायला जायचंय.

एखाद्याने नाव घेऊन तक्रार सांगितली, मजुरी बुडवल्याची, पाणी भरू न दिल्याची, तर चर्चेत तिचा निकाल लावू नका. कार्यक्रमाला एक वकील किंवा ओळखीचा कार्यकर्ता आधीच बोलावून ठेवलेला असावा, पुढे नाही, मागे बसलेला. सतरंज्या गुंडाळेपर्यंत तो तिथे थांबेल एवढं बघा, कारण खरं बोलायचं असतं ते लोक तेव्हाच येतात, केबल गुंडाळणाऱ्याच्या आजूबाजूला घुटमळत.

आणि पुढचा सिनेमा कोणता ते तिथल्या तिथे विचारून घ्या. पोरं तावातावाने परदेशी नावं सांगतात. बायका 'सैराट' म्हणतात. 'सैराट' लावा. तो तीन तासांना थोडाच कमी आहे, तेव्हा साडेसहाला अंधार पडेल असाच महिना बघा आणि भाकरी नंतर ठेवा.